गावातली बंद पडलेली पोलीस चौकी परत चालू करून घ्यायची असेल तर

गेल्या दोन महिन्यांत शेजारच्या तीन गावांतून फोन आले, तुमची चौकी कशी काय चालू झाली ते जरा सांगा की, आम्हाला पण करायचंय. प्रत्येकाला तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, आत्ता तिथं बसणाऱ्या हवालदारांना उगाच ताप नको.

सगळ्यात आधी शब्द नीट वापरा. आपण सगळे चौकी म्हणतो पण पोलिसांच्या कागदात तिचं नाव असतं दूरक्षेत्र, जुनी माणसं औटपोस्ट म्हणतात आणि पोलीस आपापसात नुसतं ओपी. आमचं पहिलं निवेदन होतं "गावास पोलीस स्टेशन मिळावे" आणि तिथंच आमचे सहा महिने पाण्यात गेले. कारण पोलीस स्टेशन ही राज्य सरकारनं जाहीर करायची गोष्ट आहे, त्याला नवीन पदं मंजूर व्हावी लागतात, मग फाईल एसपी ऑफिसमधून महासंचालकांकडं, तिथून गृह विभागाकडं, गृहकडून वित्त विभागाकडं, आणि वित्तवाले काय म्हणतात ते तुम्हाला माहितीच आहे. याउलट दूरक्षेत्र जर आधीपासून मंजूर असेल तर तिथं माणूस बसवणं जिल्ह्याच्या एसपी साहेबांच्या हातात असतं, मुंबईला जायची गरजच नाही. तेव्हा मागणी एका वाक्याची ठेवा: "मंजूर असलेले दूरक्षेत्र पूर्ववत कार्यान्वित करावे." पूर्ववत हा शब्द महत्त्वाचा, म्हणजे नवीन काही मागत नाही, होतं तेच द्या.

आता चौकी बंद झाली म्हणजे नक्की काय झालं ते शोधा. आम्ही सगळे समजत होतो की वरून कायतरी ऑर्डर निघाली असणार. तसं काहीच नव्हतं. २०१८ च्या उन्हाळ्यात एक जमादार रिटायर झाले, दुसऱ्याला यात्रेच्या बंदोबस्ताला नेलं तो परत आलाच नाही, तिसरा काही दिवस तालुक्यावरून येऊन-जाऊन करायचा, मग पावसाळ्यात छत गळायला लागलं आणि एक दिवस कुलूप लागलं. बस. बहुतेक चौक्या अशाच बंद होतात, कोणी बंद करत नाही, माणसं निघून जातात आणि मागं कुलूप राहतं. हे कळलं की अर्धी लढाई सोपी होते, कारण जी गोष्ट ऑर्डरनं बंदच झाली नाही ती चालू करायला ऑर्डर रद्द करावी लागत नाही.

पण हे कागदावर पाहिजे, आणि त्यासाठी माहिती अधिकार. एसपी ऑफिसच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं नमुना अ मध्ये अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा, महाराष्ट्राच्या नियमात तसं आहे आणि त्यावरूनच अर्ज परत येतात. आम्ही चार गोष्टी मागितल्या: दूरक्षेत्र मंजूर झाल्याच्या आदेशाची प्रत, तिथली मंजूर पदं किती, त्या पदांवर सध्या कोणाची नेमणूक आहे आणि ते प्रत्यक्ष कुठं काम करतात, आणि दूरक्षेत्र बंद केल्याचा काही आदेश असेल तर त्याची प्रत. बंदोबस्त कसा लावता, पेट्रोलिंग कधी असतं असलं काही विचारू नका, सुरक्षेचं कारण दाखवून अख्खा अर्ज बाजूला ठेवतील. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, त्याला वीस रुपयांचा स्टॅम्प. आम्हाला अपील करावं लागलं. उत्तर आलं ते वाचून आमचे सरपंच पाच मिनिटं बोलले नाहीत. मंजूर पदं चार. बंद केल्याचा आदेश "अभिलेखात आढळून येत नाही". आणि दोन हवालदार कागदावर अजूनही आमच्याच चौकीत होते, फक्त तालुक्याला "संलग्न", म्हणजे नेमणूक इथली आणि काम तिथं. म्हणजे सहा वर्षं आमच्या गावाला दोन पोलीस होते आणि ते आम्ही कधी पाहिलेच नव्हते. हा संलग्न शब्द तुमच्या उत्तरात दिसला की समजा पत्ता लागला.

आता सगळ्यात अवघड भाग, आकडे. पहिल्या भेटीत तालुक्याच्या साहेबांनी कॉम्प्युटरवर बघून आम्हाला सांगितलं, अहो तुमच्या भागात वर्षाला सात-आठ गुन्हे, चौकी कशाला पाहिजे, शांत गाव आहे तुमचं. त्यांचं चूक नव्हतं, स्क्रीनवर तेच होतं. पण चौकी बंद झाल्यावर तक्रार द्यायला ३४ किलोमीटर जायचं, सकाळी सातची एसटी आणि परतीची साडेतीनची, साहेब बंदोबस्ताला असले तर उद्या या, म्हणजे दोन दिवसांचा रोज बुडाला. विहिरीवरची मोटर गेली तर माणूस हिशोब करतो, मोटर तर गेलीच, आता वर आणखी हजार रुपये कशाला घाला. म्हणून तक्रारच होत नाही, म्हणून आकडा खाली येतो, आकडा खाली आला म्हणून चौकी नको. हा चक्रव्यूह तुमच्याही गावात असणार, लिहून ठेवा.

यातून बाहेर यायला आम्ही एक शंभर पानी वही केली. मागच्या दोन वर्षांत काय काय गेलं, कधी गेलं, तक्रार दिली का, नसेल तर का नाही, एवढेच कॉलम. पोरं घरोघर फिरली. एकोणतीस पाण्याच्या मोटरी निघाल्या, स्टार्टर आणि केबल वेगळ्या, दोन डीपीमधलं (ट्रान्सफॉर्मरमधलं) ऑईल आणि तांब्याची तार, शेळ्या, वाळवायला टाकलेलं सोयाबीन. यातल्या तक्रारी झालेल्या किती तर सहा. एकोणतीस आणि सहा, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि पुढं सगळीकडं तेच दाखवलं.

आणि एक, ही वही फक्त बाप्यांना विचारून भरू नका. नियमानं ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, बऱ्याच गावात ती सह्यांपुरतीच होते, आमच्याकडं पण व्हायची. या वेळी खरी घेतली. आमच्या वहीत पाच पानं मोटरी होत्या, आणि तिथं एक मावशी उठून म्हणाल्या की मोटरी नंतर, आधी फाट्यावरच्या स्टॉपचं बघा, माझ्या दोन नाती कॉलेजला जायच्या बंद झाल्या ते कोणी लिहिलंय का. कोणीच लिहिलं नव्हतं. मग कळलं अशा अकरा मुली आहेत, आणि फाट्यावर संध्याकाळी दारू पिऊन बसणारी टोळकी चौकी बंद झाल्यापासूनच जमायला लागली, कारण स्टॉपच्या समोरच चौकी होती. पुढं एसपी साहेबांसमोर मोटरींचं पान उलटलं गेलं, हे पान त्यांनी दोनदा वाचलं. नावं अर्थातच कोणाची लिहायची नाहीत, नुसता आकडा आणि वय.

पुढं जे जे होईल त्याची तक्रार मात्र द्यायचीच, आळस नाही. आम्ही ठरवलं की दर आठवड्याला एक जीप तालुक्याला जाईल आणि ज्याची तक्रार आहे तो त्यात बसेल. दखलपात्र असेल तर एफआयआर, त्याची प्रत फुकट मिळते ती मागून घ्यायची, नसेल तर एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, नंबर घ्यायचा, रिकाम्या हातानं परत यायचं नाही. हद्दीचं कारण सांगून पाठवून देत असतील तर १ जुलै २०२४ पासून जो नवीन कायदा लागू झालाय, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याचं कलम १७३ सांगा, हद्द कुठलीही असो दखलपात्र गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते. ऑनलाईन पण कळवता येतं पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तरीही नाही घेतली तर लेखी तक्रार पोस्टानं थेट एसपींना, ते पण त्याच कलमात आहे. आणि रात्री काही झालं की आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोंबलत बसण्याऐवजी ११२ ला फोन करा. ग्रुपवरच्या मेसेजची नोंद कुठंच होत नाही, ११२ च्या फोनची होते, आणि गाडी किती वेळानं पोचली हे पण तिथं राहतं. आमच्याकडं एकदा सव्वा तास लागला, ते पुढं निवेदनात वापरलं. पोलीस पाटलांना पण धरा, त्यांनी वेळोवेळी दिलेल्या लेखी खबरींच्या प्रती त्यांच्याकडं असतात, तो पण पुरावाच आहे.

मग ग्रामसभेचा ठराव. कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते, आणि तेवढी माणसं खरी बसवा. तहकूब सभेला कोरम लागत नाही हे खरं, पण अशा ठरावाला तसं करू नका, हजेरीची पानं जोडलेली बरी दिसतात. ठरावात सूचक अनुमोदकाचं नाव, दूरक्षेत्राचा मंजुरी आदेश क्रमांक, अंतर, वहीतले आकडे, आणि शेवटी इमारतीबद्दल ग्रामपंचायत काय द्यायला तयार आहे ते स्पष्ट. नुसतं "चौकी चालू करावी ही विनंती" असलं मोघम नको. आमच्या ठरावात होतं की छताची दुरुस्ती, पाणी, संडास आणि लाईट ग्रामपंचायत करून देईल. समोरच्याचं एक कारण आधीच संपवून टाकायचं. आणि एकट्या गावाचा ठराव नेऊ नका. जुन्या दूरक्षेत्राखाली जेवढी गावं होती त्या सगळ्यांचे ठराव गोळा करा, आमची अकरा होती, नऊंचे मिळाले. एका गावानं दिला नाही कारण तिथल्या पुढाऱ्याला वाटलं चौकी त्यांच्या गावात यावी, आणि दुसऱ्या गावानं का दिला नाही ते मी इथं लिहीत नाही, समजणाऱ्याला समजलं.

निवेदनात एक मुद्दा आणखी टाका, तो आम्हाला एका रिटायर फौजदारांनी सांगितला. राष्ट्रीय पोलीस आयोगानं, म्हणजे १९७७ ते ८१ च्या काळातल्या, असं सुचवलं होतं की ग्रामीण पोलीस स्टेशनचं क्षेत्र १५० चौरस किलोमीटरपेक्षा जास्त नसावं. तुमच्या तालुक्याच्या स्टेशनचं क्षेत्र काढा आणि शेजारी लिहा. आमचं तिपटीपेक्षा जास्त निघालं. त्यानं लगेच काही होत नाही पण वाचणारा जरा सावरून बसतो.

निवेदन द्यायचा क्रम: आधी पोलीस स्टेशनचे प्रभारी, मग डीवायएसपी साहेब, मग एसपी. उडी मारून थेट वर गेलात तर वरचे खालच्यांकडंच अभिप्रायाला पाठवतात आणि खालचे चिडलेले असतात. प्रत्येक ठिकाणी ओसीवर, म्हणजे आपल्याकडं राहणाऱ्या प्रतीवर, शिक्का आणि आवक नंबर घ्या, नुसतं "ठेवा टेबलावर" म्हणाले तर ठेवू नका, हसत हसत उभं राहा. लोकशाही दिनाचा सल्ला तुम्हाला शंभर जण देतील, कलेक्टर ऑफिसला महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो तो, पण तिथं वैयक्तिक तक्रारच घेतात, गावाची सामुदायिक मागणी घेऊन गेलो तर आम्हाला दारातूनच परत पाठवलं. एसपींना भेटायचं तर स्टेशनच्या वार्षिक तपासणीला ते येतात तो दिवस पकडा, किंवा २ जानेवारीला पोलीस स्थापना दिन असतो त्या आठवड्यात लोकांशी बोलायचे कार्यक्रम होतात. वेळेचं पण भान ठेवा. गणपतीपासून दिवाळीपर्यंत पोलीस बंदोबस्तात असतात, तेव्हा माणूस मागणं म्हणजे सुगीत बैल मागणं. बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, तेव्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमची फाईल टेबलावर पाहिजे. आमदारांचं पत्र जोडा, पण फक्त पत्र. उद्घाटनाचं श्रेय कोणाला यावरून आमच्याकडं दोन महिने घोळ झाला.

इमारत हा खरं तर सोपा भाग, पण तिथं लोक चुकतात म्हणून सांगतो. कुलूप तोडू नका! १५ ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर आमची पोरं हातोडा घेऊनच निघाली होती, पोलीस पाटलांनी रस्त्यात आडवं उभं राहून थांबवलं. आत जुनी रजिस्टरं, कदाचित मुद्देमाल असतो, एक कागद इकडचा तिकडं झाला तर चौकी राहिली बाजूला, गुन्हा तुमच्यावर. स्टेशनला लेखी द्या, त्यांचा माणूस येऊन पंचांसमोर उघडतो आणि यादी करतो. आमची उघडली तेव्हा कुलपात चावी फिरेना, अर्धा तास रॉकेल घालून घालून उघडलं. आत एप्रिल २०१८ चं कॅलेंडर, टेबलाच्या खणात बाभळीच्या काट्यानं टाचलेल्या एनसीच्या प्रती, वायरलेसच्या स्टँडवर गांधीलमाशांचं पोळं, आणि भिंतीवर बाहेरून अजून वाचता येत होतं, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम. खाली कोणीतरी कोळशानं भांडणाचा निकाल लिहून ठेवला होता, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

त्याआधी जागा कोणाची ते बघा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला (घरपट्टी आकारणीच्या नोंदवहीत) कोणाचं नाव आहे, जमीन गावठाणात आहे की गायरानात. पोलिसांच्या नावावर असेल तर दुरुस्ती बांधकाम खात्याच्या एस्टिमेटनं होते आणि वेळ लागतो, ग्रामपंचायतीची असेल तर तुम्ही लगेच करू शकता. आमची ग्रामपंचायतीचीच निघाली. लाईट बिल थकून मीटर पीडी (कायमचं बंद) झालं होतं, जुनी थकबाकी भरून नवीन कनेक्शन घ्यावं लागलं, हे बजेटमध्ये धरा. संडास करताना एक बाईमाणसासाठी वेगळा कराच, नाहीतर महिला पोलीस कधीच नेमणार नाहीत आणि मग त्या अकरा मुली कोणाशी बोलणार?

पैसे. लोकवर्गणी काढली तर ग्रामपंचायतीच्या पावतीवर काढा आणि वस्तू देताना स्टेशनला लेखी पत्र देऊन पोच घ्या, कुठल्या पोलिसाच्या हातात रोख रुपया द्यायचा नाही. आणि कोणाचे पैसे घेतो ते बघा. आमच्या मीटिंगला एक वाळूवाला स्वतःहून आला, म्हणाला, "सरपंच, फरशी सगळी माझ्याकडून, एसी पण बसवतो." पाच मिनिटं सगळे खूश. मग मागून एक म्हातारा बोलला, "आरं, उद्या त्याचा डंपर धरायचा झाला तर हवालदार फरशीकडं बघंल का डंपरकडं?" फरशी घेतली नाही, शहाबादी टाकली, स्वस्तात झालं.

वर्तमानपत्रात बातमी द्यायची तर द्या पण पोलिसांना शिव्या देणारी नको, कारण उद्या त्याच बीटचा हवालदार तुमच्या चौकीत बसणार आहे. आमच्याकडच्या एका उत्साही माणसानं गडचिरोलीचं उदाहरण देऊन लिहिलं, वांगेतुरीला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये एका दिवसात पोस्ट उभी राहते आणि आमच्या चौकीची चावी सापडत नाही. खरं तर ती तुलना चुकीची, तिथं नक्षल भागात सरकारलाच पोस्ट पाहिजे होती आणि आपल्याकडं आपल्यालाच पाहिजे. पण बातमी चांगली चालली हे मान्य करतो.

शेवटी ऑर्डर निघाली ती एका पानाची, दोन्ही संलग्न हवालदार मूळ नेमणुकीच्या ठिकाणी हजर व्हावेत. पहिल्या निवेदनापासून मोजलं तर वीस महिने, त्यातले सहा आमच्याच चुकीचे.

उघडल्यावर गावात अपेक्षा नीट सांगा. चौकी चालू झाली म्हणजे एफआयआर तिथंच होईल असं नाही, गुन्हा दाखल होतो तो तालुक्याच्या स्टेशनलाच, सगळं कॉम्प्युटरवर असतं. पण हवालदार जागेवर येतात, जबाब घेतात, अर्ज घेऊन पुढं पाठवतात, संध्याकाळी फाट्यावर उभे राहतात, आणि माणसाचा रोज बुडत नाही. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच महिन्यात लोक म्हणतात, काय उपयोग या चौकीचा. आणि हवालदारांच्या राहण्याचं बघा. भाड्यानं खोली गावानं शोधून द्यायची, भाडं त्यांनी द्यायचं. राहायला जागा नसेल तर माणूस चारची एसटी बघूनच कामाला सुरुवात करतो.

चौकी परत बंद पडू नये म्हणून आम्ही एकच गोष्ट करतो, ग्रामपंचायतीत एक साधी वही, त्यात रोज शिपाई लिहितो चौकी उघडी होती का, कोण होतं. गणपतीत दोघांनाही बंदोबस्ताला नेलं, अकरा दिवस कुलूप, बाराव्या दिवशी आम्ही वहीचं पान फोटो काढून डीवायएसपी ऑफिसला पाठवलं, तेराव्या दिवशी एक जण हजर. या मेमध्ये मोठ्या हवालदारांची बदली झालीय आणि त्यांच्या जागी कोण येणार ते ऑर्डरमध्ये नाही, जागा नुसती रिकामी दिसतीय. सोमवारी सातच्या एसटीनं पाच जण तालुक्याला जातोय, ओसीच्या दोन प्रती काढून ठेवल्यात.